‘कामिनी’ नावाची गायिका

हे गाणं कुणी गायलं? चाल कुणाची? मालिकेच्या शीर्षकगीताचे शब्द कुणाचे? त्या जुन्या नटाचं पुढे काय झालं? असले प्रश्न माणसं दिवसभर एकमेकांना विचारत असतात. त्यांना उत्तर द्यावं की नाही, आणि कसं द्यावं, यावरून हल्ली जो वाद रंगतो तो मला दोन्ही बाजूंनी फसलेला वाटतो. एक पक्ष म्हणतो, फोन हातात असताना माणसांना विचारून त्यांचा वेळ कशाला खाता? दुसरा पक्ष जाणकारांचा. तो उत्तर देतो, पण आधी ‘एवढंही ठाऊक नाही?’ असा चिमटा काढून. वरवर पाहता दोघांचं हाडवैर, पण एका बाबतीत त्यांचं एकमत आहे. उत्तर कुठेतरी तयार, पक्कं होऊन पडलेलं आहे आणि फक्त उचलून आणायचं बाकी आहे, असं दोघांनाही वाटतं. मला हेच मान्य नाही. लोकप्रिय संगीत आणि करमणुकीबद्दलचे रोजचे प्रश्न हे बहुतेक वेळा श्रेयाचे प्रश्न असतात, आणि श्रेयाची नोंद या व्यवसायाने स्वतःहून क्वचितच नीट ठेवली आहे. कुणीतरी विचारलं म्हणून ती झाली. तेव्हा या प्रश्नांना इतिहासाच्या प्रश्नांइतकंच गांभीर्याने उत्तर दिलं पाहिजे.

समोरच्यांचं म्हणणं पोकळ नाही. दहापैकी आठ-नऊ प्रश्न खरोखरच किरकोळ असतात आणि त्यांचं उत्तर पडद्यावर चुटकीसरशी मिळतं. दुसरंही मान्य: नावं आणि सनावळ्या पाठ असणं म्हणजे संगीत कळणं नव्हे. एखाद्याला तीनशे गाण्यांचे गीतकार तोंडपाठ असतात आणि गाण्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आली ते कळत नाही. प्रश्नमंजूषांनी तर माहितीचे पार तुकडे पाडले. आणि शेवटी, गाण्याचा आनंद घ्यायला यातलं काहीच लागत नाही. डोळे मिटून ऐकणाऱ्याला चाल कुणाची हे माहीत नसलं, तरी त्याच्या अंगावर यायचा तो काटा येतोच. हे सगळं खरं असूनही त्यातून ‘म्हणून विचारू नका’ हा निष्कर्ष निघत नाही. ऐकणाऱ्याचं काही अडत नाही, पण गाणाऱ्याचं अडतं. त्याचं काय?

ध्वनिमुद्रणाच्या अगदी पहिल्या दिवसांतलं उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ त्यासाठी सातासमुद्रापलीकडून आला होता. तीन मिनिटांच्या आसपास जागा, त्यात ख्याल-ठुमरीचा ऐवज कोंबायचा, आणि शेवटी गौहर जान मोठ्याने इंग्रजीत सांगतात, ‘माय नेम इज गौहर जान!’ आज ते ऐकताना गंमत वाटते, बाईंचा तोरा वाटतो. कारण मात्र व्यवहारी होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना ना भाषा कळे ना आवाज ओळखता येई. कोणत्या तबकडीवर कोणतं लेबल चिकटवायचं ते त्यांना कळावं म्हणून नाव गाण्यातच घालून दिलेलं. म्हणजे ‘हे कुणी गायलं?’ हा प्रश्न या धंद्याच्या पहिल्या पावलालाच उभा राहिला होता, आणि त्याचं उत्तर देण्याची सोय तबकडीच्या खोबणीत करावी लागली होती.

आता १९४९ मध्ये या. ‘महल’ चित्रपटातलं ‘आएगा आनेवाला’. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी तबकडी निघाली, तिच्या मधल्या गोल कागदावर गायिकेचं नाव छापलं होतं: कामिनी. या नावाची कुणी गायिका नव्हतीच. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव, ते पडद्यावर रंगवलं मधुबालाने. आधीच्या काळी नट-नट्या स्वतःच गात. पार्श्वगायन आल्यावरही प्रेक्षकाचा भ्रम मोडू नये अशी निर्मात्यांची इच्छा असायची, म्हणून गाणारा गळा लपवण्याची पद्धत पडली होती. मग पुढे काय झालं? गाणं रेडिओवर लागलं आणि ही कोण गाते म्हणून श्रोत्यांची विचारणा सुरू झाली. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड कंपनीला विचारलं, आणि तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव निवेदनात आलं. त्या श्रोत्यांपैकी एकाचंही नाव आज कुणाला ठाऊक नाही. त्यांनी केलं ते इतकंच, की आपल्याला पडलेला अगदी साधा प्रश्न गिळला नाही. त्यांना तेव्हा कुणी सांगितलं असतं, की बाबांनो, उत्तर तबकडीवर छापलेलं आहे, ते वाचा, तर? छापील उत्तर होतंच. ते खोटं होतं.

फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. त्यात संगीतकाराला पुरस्काराची बाहुली होती, गायकाला नव्हती. ती १९५९ पर्यंत आली नाही, आणि आली तीही गायकांपैकी कुणीतरी समारंभात गायला नकार देऊन हट्ट धरला म्हणून. पुरस्काराचं मला फारसं कौतुक नाही. पण ‘ते तर सगळ्यांना माहीतच असतं’ असं श्रेयाबद्दल म्हणणाऱ्यांनी ही सनावळी एकदा डोळ्यांखालून घालावी.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. नावाचा हा सोस आधुनिक बाजाराने आणला, असं म्हणतात. लोकगीताला कर्ता नसतो. जात्यावरची ओवी एका बाईने सुरू केली, दुसरीने तिला वळण दिलं, तिसरीने आपल्या लेकीचं नाव त्यात घातलं. ती कुणा एकीची नाहीच. मग गाणं ‘कुणाचं’ हा प्रश्नच मुळात गाण्याला मालमत्ता समजणारा नाही का?

मोहात पाडणारा युक्तिवाद आहे, पण आपल्याच परंपरेसमोर तो टिकत नाही. तुका म्हणे, नामा म्हणे, जनी म्हणे: शेवटच्या चरणात नाममुद्रा ठेवल्याशिवाय अभंग पुरा होत नाही. ज्यांनी अहंकार सोडा म्हणून आयुष्यभर सांगितलं, त्यांनीच आपलं नाव रचनेत विणून ठेवलं. मौखिक परंपरेत कागद नसतो, तर नाव गाण्यानेच वाहून न्यायचं. गौहर जान यांच्या कितीतरी आधीची ही सोय. तीही नेहमी पुरी पडली नाही. नामदेवांच्या गाथ्यात नंतरच्या काळातल्या विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळल्या, कारण दोघांची मुद्रा ‘नामा’च. कोणता अभंग कोणत्या नाम्याचा हे निवडता निवडता अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. आणि सालोमालो? दुसऱ्याचं ते आपलं म्हणून खपवणाऱ्या या मंडळींवर तुकोबांनी चक्क अभंग रचला आहे. सतराव्या शतकात कोणता बाजार होता आणि कोणतं रॉयल्टीचं कलम होतं? तरी तुकोबांना राग आला. मग आजच्या गीतकाराने आपलं नाव मागितलं की त्याला बाजारू कसं म्हणता?

राहिली ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहाची मला भावलेली गोष्ट म्हणजे ओवीबरोबर ती गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. रचना सगळ्यांची असली तरी हा गळा या बाईचा, असं तो संग्रह सांगतो. सामूहिक निर्मिती आणि व्यक्तीचं श्रेय एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदू शकतात.

‘लोकगीत’ हा शिक्का कधीकधी तर सरळसरळ लुटीला सोयीचा ठरतो. १९३९ मध्ये सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू गायकाने जोहान्सबर्गच्या स्टुडिओत आपल्या साथीदारांसह ‘म्बुबे’ नावाचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाता गाता शेवटाकडे त्याने उंच स्वरात एक ओळ उत्स्फूर्तपणे घेतली. जगभर लोक आज जी धून गुणगुणतात ती तीच. हक्कांच्या बदल्यात त्याच्या हाती दहा शिलिंग पडल्याचं सांगतात. ती तबकडी पुढे अमेरिकेत पोचली. आफ्रिकेचं पारंपरिक गाणं म्हणून तिथल्या लोकसंगीतवाल्यांनी ते गायलं. १९६१ मध्ये नवे इंग्रजी शब्द घालून ‘द लायन स्लीप्स टुनाइट’ या नावाने ते तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. लिंडा १९६२ मध्ये वारला, गरिबीत. १९९४ मध्ये तीच धून ‘द लायन किंग’मध्ये आली. मधल्या सगळ्या वर्षांत हे गाणं कुणाचं असं कुणी विचारलं असतं, तर तयार उत्तर होतं आणि ते छापीलही होतं: पारंपरिक, किंवा मग अमुक अमेरिकी गीतकाराचं. २००० मध्ये एका दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने तोच पोरसवदा प्रश्न पुन्हा विचारला आणि उत्तर मिळेपर्यंत सोडला नाही. त्यातून खटला उभा राहिला आणि २००६ मध्ये लिंडाच्या मुलींशी तडजोड झाली. ‘ओरिजिनल कुणाचं रे?’ या प्रश्नाला क्षुल्लक म्हणताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

इथवर मी पहिल्या पक्षाशी भांडलो. आता जाणकारांकडे वळतो, कारण चुकीचं उत्तर ठामपणे देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. सर्वांत जास्त गाणी कुणी गायली? गप्पांच्या कुठल्याही अड्ड्यावर या प्रश्नाला एक आकडा फेकला जातो: पंचवीस हजार, तीस हजार. या आकड्याचं मूळ आहे १९७४ च्या गिनेस बुकात. १९४८ ते १९७४ या काळात लता मंगेशकर यांनी किमान २५,००० गाणी गायल्याची नोंद त्यात झाली. मोहम्मद रफी यांनी हरकत घेतली, त्यांच्या बाजूने तेवढाच किंवा जास्तीचा दावा झाला. दोन्ही बाजूंचे चाहते आजही हमरीतुमरीवर येतात. पण जरा कागद-पेन्सिल घ्या. सव्वीस वर्षं म्हणजे साधारण साडेनऊ हजार दिवस. पंचवीस हजार गाणी व्हायला एकही दिवस सुट्टी न घेता रोज अडीचहून जास्त गाणी ध्वनिमुद्रित व्हायला हवीत. त्या काळात हिंदी चित्रपट निघत वर्षाला शंभर-सव्वाशे, चित्रपटामागे गाणी सात-आठ. म्हणजे सगळ्या गायक-गायिकांची सगळी हिंदी गाणी एकत्र केली तर बेरीज कशीबशी त्या आकड्याच्या आसपास जाते! इतर भाषांतली गाणी धरली तरी हिशेब जुळत नाही. गिनेसने पुढे ती नोंद बंद केली. २०११ मध्ये आशा भोसले यांच्या नावावर स्टुडिओतल्या सर्वाधिक ध्वनिमुद्रणांचा विक्रम त्यांनी नोंदवला, तो ११,००० पर्यंतच्या गाण्यांचा होता. यात लताबाई किंवा रफीसाहेब तसूभरही लहान होत नाहीत. लहान होतो तो फुगवलेला आकडा छातीठोकपणे सांगणारा.

हा हिशेब कुणी शक्य केला? विद्यापीठाने नाही, रेकॉर्ड कंपन्यांनीही नाही. कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज़’ बँकेत नोकरी करत होते. त्यांनी १९३१ पासूनच्या हिंदी चित्रपटगीतांचा दशकवार कोश केला. चित्रपट, गाणं, गायक, गीतकार, संगीतकार, तबकडीचा क्रमांक असा तो ऐवज. तबकड्या, चित्रपटांच्या पुस्तिका, जुनी मासिकं, संग्राहकांशी पत्रव्यवहार, अशा मार्गाने त्यांनी एकेक नोंद पडताळली. हिंदीतला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा, आणि त्याची प्रत आज कुठेच उपलब्ध नाही. ज्या चित्रपटाचा पडदाच उरला नाही त्याच्या गाण्यांबद्दल आपण चार शब्द बोलू शकतो, ते असल्या चिवट माणसांमुळे. आणि त्यांच्या कोशातलं प्रत्येक पान शेवटी त्याच किरकोळ, रिकामटेकड्या प्रश्नाचं उत्तर आहे: हे गाणं कुणाचं?

‘पण आता यंत्र आहे ना’ हा मुद्दा उरतोच. आहे, आणि उपयोगाचंही आहे. गाण्याचा तुकडा ऐकवला की नाव सांगणाऱ्या सेवा २००२ पासून आहेत. पण त्या ओळखतात काय? आधी कुणीतरी नाव लावून साठवलेलं तेवढंच. जर्मनीत १९८४ च्या सुमारास एका मुलाने रेडिओवरून कॅसेटवर एक गाणं उतरवून घेतलं. निवेदन कॅसेटवर आलं नाही, त्यामुळे नाव कळलं नाही. २००७ मध्ये ते लोकांपुढे आलं आणि हे कुणाचं हा शोध सुरू झाला. एकाही अॅपला ते ओळखता आलं नाही, येणारच नव्हतं. अखेर २०२४ च्या नोव्हेंबरात उत्तर मिळालं: फेक्स नावाचा, कील शहरातला विस्मृतीत गेलेला बँड. जुन्या वर्तमानपत्रांची पानं उलटत कुणीतरी त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. यंत्राच्या साठ्यात ते गाणं आता आहे, आणि आता ते क्षणात नाव सांगेल. ज्याच्या मनात आजही कुणी न विचारलेलं गाणं आहे, त्याला ‘शोधून बघ’ म्हणून वाटेला लावलं तर ही भर घालणार कोण?

रोड्रिगेझची गोष्ट तर याहून विलक्षण. हा अमेरिकी गायक. १९७० आणि १९७१ मध्ये दोन अल्बम निघाले, त्याच्या देशात ते साफ पडले. तिकडे वर्णभेदाच्या काळातल्या दक्षिण आफ्रिकेत मात्र घराघरांत वाजत राहिले, आणि त्याला याचा पत्ताच नव्हता. चाहत्यांत बोलवा अशी की, त्याने रंगमंचावरच जीव दिला. काही चाहत्यांनी प्रश्न धरला: तो नेमका मेला कसा? प्रश्नच चुकीचा होता. पण विचारणारे प्रामाणिक होते. गाण्याच्या एका ओळीत डीअरबॉर्न या डेट्रॉइटलगतच्या गावाचा उल्लेख आहे, त्या धाग्याने ते माग काढत गेले आणि १९९७ मध्ये त्यांना कळलं, की माणूस डेट्रॉइटमध्ये जिवंत आहे, बांधकामाच्या, पाडकामाच्या कामावर जातो. १९९८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत हजारो लोकांसमोर गायला. मधल्या पाव शतकात तिकडे खपलेल्या तबकड्यांचे पैसे कुठे गेले, हा प्रश्नही त्यानंतरच उभा राहिला. त्या चाहत्यांनी एखाद्या हुशार यंत्राला ‘रोड्रिगेझचा मृत्यू कसा झाला?’ असं विचारलं असतं, तर दंतकथांच्या ढिगातून त्याने मृत्यूचं बहुधा साग्रसंगीत वर्णन करून दिलं असतं.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. यंत्र चुकतं म्हणून नव्हे. माणसंही चुकतात, वर दाखवलंच. पण माणसाला ‘कशावरून?’ विचारता येतं. तबकडी बघितली, श्रेयनामावलीत वाचलं, अमक्याने सांगितलं, नुसतं आठवतंय, या चार उत्तरांचं वजन वेगवेगळं असतं आणि ऐकणाऱ्याला ते तोलता येतं. सफाईदार एका ओळीच्या उत्तरात हा फरकच पुसला जातो. म्हणून उत्तर देणाऱ्याकडून माझी अपेक्षा दोनच गोष्टींची आहे. कशावरून सांगतो ते सांगावं. आणि खात्री नसेल तर तसं म्हणावं. जाणकारांना दुसरी गोष्ट फार जड जाते.

एक कुंपण मात्र घातलंच पाहिजे. अमक्या जोडीचं खरंच बिनसलं का, तमकीला कोणता आजार आहे, हेही करमणुकीबद्दलचेच प्रश्न म्हणून खपतात. त्यांचं उत्तर देणं कुणाचंही कर्तव्य नाही. गाण्याचं श्रेय सार्वजनिक, घरातलं भांडण खाजगी. ही रेघ इतकी स्पष्ट आहे, की ती न दिसल्याचं सोंगच करावं लागतं.

आणि ‘कुणी गायलं?’ हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अवघड होत चालला आहे, सोपा नव्हे. एप्रिल २०२३ मध्ये ड्रेक आणि द वीकेंड या दोन गायकांच्या आवाजातलं एक गाणं पसरलं. दोघांपैकी कुणीही ते गायलेलं नव्हतं. २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटाच्या गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवून वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि तसं जाहीरही केलं. रहमान यांनी सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. जो सांगणार नाही त्याचं काय? १९४९ मध्ये खऱ्या गळ्यावर खोटं नाव चिकटवलं होतं. आता खरं नाव चिकटवून खोटा गळा विकता येतो, आणि ऐकण्याच्या अॅपवर त्या नावाखाली गीतकाराचं नाव शोधायला गेलं तर अनेकदा तेही सापडत नाही. अशा वेळी ‘हे नक्की कुणी गायलंय?’ असं विचारणाऱ्याला हटकणारे नेमकं कुणाचं काम सोपं करत आहेत?